पाच महिने, पाच किलो

हिवतापावरच्या दोनच लशींना आजवर जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मिळाली आहे. त्यांतली स्वस्त आणि मुबलक लस पुण्यातल्या हडपसरची. संशोधन ऑक्सफर्ड विद्यापीठाचे, ते कारखान्यात उतरवले सिरम इन्स्टिट्यूटने. ऑक्टोबर २०२३ मध्ये संघटनेची शिफारस मिळाली, मे २०२४ मध्ये पहिली खेप मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाकडे गेली आणि १५ जुलै २०२४ रोजी आयव्हरी कोस्टने आपल्या लसीकरणात ही लस सुरू केली. एका मात्रेला दोन ते चार डॉलर आणि वर्षाला दहा कोटी मात्रा काढण्याची तयारी, हा सौदा गरीब देशांना परवडणारा आहे. जानेवारी २०२१ मध्ये कोविडवरच्या कोविशिल्डचे ट्रक पहाटे पूजा करून इथून निघाले, तेव्हा सारा देश दूरचित्रवाणीपुढे बसला होता. आर-२१ या हिवतापाच्या लशीच्या वाट्याला तेवढे कौतुक आले नाही. ती आपल्या दंडात टोचायची नव्हती, एवढेच कारण.

कौतुक राहिले ते राहिले. आमचा प्रश्न या लशीच्या वेळापत्रकातल्या एका आकड्याविषयी आहे. पहिली मात्रा बाळ पाच महिन्यांचे झाल्यावर द्यायची, असे हे वेळापत्रक सांगते. त्याआधी हिवताप झाला तर काय? औषध द्यायचे. पण औषधाच्या खोक्यावर दुसरा पाच छापलेला: पाच किलोच्या वरच्या रुग्णांसाठी. म्हणजे लस पाच महिन्यांनंतर आणि गोळी पाच किलोंनंतर. या दोन्ही पाचांच्या अलीकडचे बाळ कोणाच्याच हिशेबात नव्हते. पाच किलोंच्या आतल्या बाळांवर तपासलेले आणि खास त्यांच्यासाठी मान्यता मिळालेले आर्टेमिसिनिन गटातले पहिले औषध यायला २०२५ चा जुलै उजाडला. नोव्हार्टिस कंपनी आणि मेडिसिन्स फॉर मलेरिया व्हेंचर ही संस्था यांनी मिळून केलेल्या त्या औषधाला स्वित्झर्लंडच्या नियामकाने मान्यता दिली. त्या तपासणीत आफ्रिकेतल्या आठ देशांचे नियामकही सोबत बसले होते.

लशीचा पाच समजण्यासारखा आहे. हिवतापाच्या आधीच्या लशीची परीक्षा सहा ते बारा आठवड्यांच्या बाळांवरही झाली होती. मोठ्या मुलांत निम्म्याहून अधिक संरक्षण देणारी ती लस या बाळांत जेमतेम ३१ टक्क्यांवर अडकली. इतक्या लहान वयात लस नीट रुजत नसेल, तर थांबण्यात शहाणपण आहे. हडपसरच्या कारखान्याला त्यासाठी दोष देण्याचे कारण नाही. औषधाच्या पाचाची गोष्ट मात्र वेगळी आहे. तो आकडा शरीरशास्त्राने घालून दिलेला नव्हता. पाच किलोंच्या आतल्या बाळांवर औषध तपासण्याच्या फंदात कोणी पडलेच नव्हते, म्हणून तो तिथे होता.

पाच किलो म्हणजे किती, हे घरात बाळ असलेल्यांना सांगायला नको. चांगल्या बाळशाची मुलगी दोन महिन्यांत तिथे पोचते. अशक्त मुलीला चार महिने लागतात, आणि दोन किलोंची जन्मलेली त्याहून मागे राहते. हिवताप ज्या घरांत असतो, अशक्त बाळेही त्याच घरांत जन्मतात. वारेत जंतू साठले की गर्भाला रक्तपुरवठा कमी पडतो आणि मूल कमी वजनाचे होते. म्हणजे ज्या आजारापायी बाळाचे वजन घटले, त्याच आजाराचे औषध वजन कमी म्हणून नाकारायचे. इतकी वर्षे डॉक्टर गोळीचा तुकडा पाडून, पूड करून, अंदाजाने देत आले. पाच किलोंच्या मुलासाठीचा हिशेब तीन किलोंच्या बाळाला लावा, असेच जागतिक मार्गदर्शनही सांगत होते. नव्या औषधाच्या चाचण्यांत कळले की या वयात शरीर औषध निराळ्या गतीने पचवते, आणि म्हणून आर्टेमेथर व लुमेफँट्रिन या दोन द्रव्यांचे आपसांतले प्रमाणच बदलावे लागले. चेरीच्या चवीची ही गोळी आईच्या दुधातही विरघळते. इतक्या साध्या गोष्टीला इतकी वर्षे का लागली, याचे उत्तर औषधाच्या रसायनात सापडणार नाही. गिऱ्हाईक गरीब, संख्या थोडी आणि तान्ह्या बाळांवर चाचणी म्हणजे जोखीम, असा तो व्यवहार होता.

संख्या थोडी, हेही कोणी मोजून ठरवले होते? या समजुतीचे मूळ शोधत गेले की एक ओळखीचे नाव भेटते. गॉर्डन कोव्हेल या इंग्रज डॉक्टरने १९२८ मध्ये मुंबईच्या हिवतापावर अहवाल लिहिला. पुढे तो हिंदुस्थानच्या हिवताप संस्थेचा संचालक झाला. निवृत्तीनंतर, १९५० मध्ये, त्याने आईकडून पोटातच बाळाला होणाऱ्या हिवतापाचा आढावा घेतला. हिवताप अंगवळणी पडलेल्या आफ्रिकी आयांच्या बाळांत हे प्रमाण टक्क्याच्याही आत आहे, असे त्याने नोंदवले. पाठ्यपुस्तकांनी हे वाक्य उचलले आणि पिढ्यान्‌पिढ्या घोकले: नवजात बाळाला हिवताप होत नाही, आईची प्रतिद्रव्ये आणि गर्भातले हिमोग्लोबिन त्याला राखतात. कोव्हेलच्याच आढाव्याचा दुसरा भाग मात्र गळून पडला. ज्या आयांच्या अंगात हिवतापाविरुद्ध ताकद नाही, त्यांच्या बाळांत हे प्रमाण कित्येक पटींनी जास्त आहे, असेही त्याने लिहिले होते. अलीकडे पश्चिम आफ्रिकेत सहा महिन्यांच्या आतल्या बाळांचे रक्त तपासले तेव्हा ठिकाणागणिक ३.४ ते १८.४ टक्के बाळांत हिवताप निघाला.

आता हा गळालेला भाग महाराष्ट्राला लावून पाहा. गडचिरोलीची काही गावे सोडली तर इथे वारंवार हिवताप होऊन ताकद कमावलेली बाई विरळाच. भारतातल्या बहुतेक गर्भवती कोव्हेलच्या दुसऱ्या गटातल्या आहेत. आपल्याकडे हिवताप कमी झाला ही आनंदाचीच गोष्ट आहे, पण त्यामुळेच एखाद्या गर्भवतीला तो झाला तर ती स्वतःही आजारी पडते आणि बाळाला द्यायला तिच्याकडे प्रतिद्रव्येही नसतात. आफ्रिकेचे आकडे आपल्याला लागू नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी हे उलटे गणितही मांडावे.

आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाचे नियमपुस्तक काय म्हणते? फाल्सिपेरम जातीच्या हिवतापावर महाराष्ट्रासह देशाच्या बहुतेक भागात आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन ही जोडी दिली जाते. ईशान्येकडच्या राज्यांत आर्टेमेथर-लुमेफँट्रिन. २०१३ च्या उपचार-सूचनांत पहिल्या जोडीविषयी लिहिले आहे की पाच महिन्यांच्या आतल्या बाळाला सल्फाचे औषध देऊ नये, दुसरी जोडी द्यावी. दुसऱ्या जोडीविषयी त्याच सूचना सांगतात की पाच किलोंच्या आतल्या मुलांना ती देऊ नये. इकडे आड, तिकडे विहीर. मधल्या बाळाचे काय करायचे, ते डॉक्टरने आपल्या जबाबदारीवर ठरवायचे. शहरातला बालरोगतज्ज्ञ ते ठरवतोही, शिरेतून आर्टेसुनेट देतो. गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या आतल्या एखाद्या उपकेंद्रात रात्री दहा वाजता हे कोण ठरवणार?

व्हायव्हॅक्स या दुसऱ्या जातीच्या हिवतापाचे मात्र सोपे आहे, हे सांगायला हवे, नाहीतर उगाच घबराट पसरायची. क्लोरोक्विनचे कडूजहर पातळ औषध वजनाप्रमाणे मोजून तान्ह्या बाळालाही देता येते. शिवाय आईकडून आलेल्या व्हायव्हॅक्समध्ये जंतू थेट रक्तातून रक्तात आलेला असतो, डासाच्या सोंडेतून आलेला नसतो. त्यामुळे तो यकृतात दडून बसत नाही, आणि एरवी चौदा दिवस घ्याव्या लागणाऱ्या प्रायमाक्विनची इथे गरजच पडत नाही. वर्षाच्या आतल्या मुलाला ते देतही नाहीत. निदान झाले की बाळ सहसा बरे होते. घोडे पेंड खाते ते निदानाशी.

जन्मानंतर साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात बाळ किरकिर करू लागते. दूध ओढत नाही. अंग कढत लागते, कधी लागतही नाही. रंग उतरतो, डोळे पिवळट दिसतात. घरातली आजी बाळाला सकाळच्या उन्हात धरते, कारण काविळीच्या बाळाला ऊन दाखवायचे हे तिला पाठ आहे. तिचे चुकत नाही. पहिल्या आठवड्यातली साधी कावीळ असते तेव्हा सगळे असेच करतात. पण ती दुसऱ्या आठवड्यापर्यंत ओसरायला हवी. तिसऱ्या आठवड्यात नव्याने चढलेला पिवळेपणा ही वेगळी गोष्ट आहे. दवाखान्यात नेले की डॉक्टरही बहुधा जंतुसंसर्ग म्हणून प्रतिजैविक सुरू करतात, आणि तेही योग्यच आहे, कारण त्या वयात जंतुसंसर्ग बाळाला काही तासांत नेऊ शकतो. फक्त टाच टोचून आलेला एक थेंब काचपट्टीवर घेऊन ‘मलेरिया?’ असे लिहून पाठवायचे राहते. प्रतिजैविकाने हिवताप हटत नाही. प्लीहा वाढत राहते, रक्त कमी होत राहते. पुढे काही बरेवाईट झाले तर कारणाच्या रकान्यात जंतुसंसर्ग पडतो आणि नवजात बाळांना हिवताप होत नाही हे पुन्हा एकदा सिद्ध होते.

हडपसरमध्ये याची धास्ती कशाला, असे कोणी विचारील. पुण्यात हिवतापाचे रुग्ण आज हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. इथले राज्य डेंगी आणि चिकुनगुनियाचे. २०२४ च्या पावसाळ्यात झिकाने पुणेकर गर्भवतींना धडकी भरवली होती, तोही एडिस डासाचाच प्रताप. हिवतापाचा शहरी डास निराळा, अॅनोफिलिस स्टीफेन्सी. त्याला साचलेले पण स्वच्छ पाणी लागते: टाकी, पिंप, विहीर, इमारतीच्या तळघरातले पाणी. मुंबईने शंभर वर्षांपूर्वी विहिरी झाकायला काढल्या त्या याच्याच भीतीने. आता हाच डास आफ्रिकेला पोचला आहे. २०१२ मध्ये जिबूतीत तो सापडला, मग इथिओपिया, सुदान, नायजेरिया, केनिया, घाना. आफ्रिकेचा हिवताप आजवर खेड्यांत होता, तो आता शहरांत शिरतो आहे आणि त्याला वाट दाखवणारा डास दक्षिण आशियातला आहे. आपण लस पाठवली हे आपण ऐटीत सांगतो. डासाचे नाव काढत नाही.

मांजरी, फुरसुंगी, काळेपडळ, मुंढवा या पट्ट्यात जिकडे पाहावे तिकडे क्रेन उभ्या आहेत. नव्या स्लॅबवर सिमेंट-वाळूची आळी करून आठवडाभर पाणी धरून ठेवतात, लिफ्टच्या खड्ड्यात पावसाचे पाणी साचते, मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांपुढे निळी पिंपे उघडी असतात, कारण टँकर कधी येईल याचा भरवसा नसतो. महापालिका बांधकामांना नोटिसा देते, दंड लावते, आणि डेंगीच्या हंगामात तिचे कर्मचारी पिंपे उलथवतातही. पण या खोल्यांतली माणसे कुठून आली आहेत ते कोणी विचारत नाही. छत्तीसगड, ओडिशा, झारखंड हे देशातल्या फाल्सिपेरमचे मोठे पट्टे, आणि हडपसरच्या इमारती चढवणारे कितीतरी हात तिकडचेच. बाई सातव्या महिन्यात गावाहून येते. तिला मध्ये एकदा ताप येऊन गेलेला असतो, तो तिने कोणाला सांगितलेला नसतो. बाळंतपण इथल्या सरकारी दवाखान्यात होते. बाळाला क्षयाची आणि पोलिओची लस मिळते, कार्डावर शिक्के पडतात आणि तिसऱ्या दिवशी ती पत्र्याच्या खोलीत परतते. हे बाळ आजारी पडले तर हिवतापाचा संशय घ्यायला पुण्यातल्या डॉक्टरला फक्त एक प्रश्न विचारावा लागेल: बाई, तुमचे गाव कोणते?

या कामासाठी नवी यंत्रणा उभारावी लागेल असेही नाही. लागणारी यंत्रणा महाराष्ट्रानेच देशाला दिली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ सुरू केले. गावातल्याच बायकांना शिकवून त्यांनी घरोघरी नवजात बाळांची देखभाल सुरू केली, जंतुसंसर्गावर जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्याइतके त्यांना तयार केले आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटवले. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापले. खेड्यातली बाई सुई टोचणार, या कल्पनेने कपाळाला आठ्या घालणारे तेव्हा कमी नव्हते. २०११ पासून हीच पद्धत देशभर राबवली जाते. आशाताई, म्हणजे वस्तीतलीच आरोग्य कार्यकर्ती, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाच्या घरी जाते. आईकडून आलेला हिवताप डोके वर काढतो तो नेमका चौदाव्या ते अठ्ठाविसाव्या दिवसांच्या मध्ये. वेळापत्रक जणू त्याच्यासाठीच आखले आहे.

आणि तरीही तो हातून निसटतो, कारण आशाताईच्या दोन पिशव्या एकमेकींशी बोलत नाहीत. गडचिरोलीतल्या भामरागडच्या आशाताईकडे बाळांची पिशवी असते, तिच्यात वजनकाटा, थर्मामीटर, सेकंद मोजायचे घड्याळ. दुसरी पिशवी हिवतापाची, तिच्यात रक्त तपासायची किट आणि गोळ्या. पहिली पिशवी नवजात बाळासाठी आणि दुसरी बाकीच्या गावासाठी. ‘ताई, बाळ दूध ओढत नाही हो,’ असे बाळंतिणीने सांगितले की पहिली पिशवी उघडते, ताप मोजला जातो आणि बाळाला दवाखान्यात पाठवायचे ठरते. पाठवण्यापूर्वी दुसऱ्या पिशवीतली किट काढून टाचेचा एक थेंब तिच्यावर घ्यावा, असे तिला कोणी सांगितलेले नाही. दोन्ही पिशव्या एकाच खांद्याला आहेत. कार्यक्रम दोन, प्रशिक्षणे दोन, वह्या दोन आणि वरचे साहेबही दोन. सरकारी कामाची ही जुनीच व्यथा आहे, पण तिची किंमत एरवी कागदात मोजली जाते, इथे बाळात.

पुण्यातल्या आशांकडे तर हिवतापाची पिशवीच नसते, आणि बांधकामावरची वस्ती आज इथे तर सहा महिन्यांनी वाघोलीत, त्यामुळे ती कोणाच्या यादीत येते हाही प्रश्नच. लसीकरणाला मजूर वस्त्यांसाठी खास फेऱ्या होतात. त्याच फेरीत गर्भवतीचे रक्त तपासले आणि तान्ह्या बाळाच्या तापाची चौकशी केली तर वेगळा खर्च फारसा नाही. आफ्रिकेत गर्भवतींना ताप असो-नसो ठरावीक काळाने हिवतापाचे औषध देतात. आपण ते धोरण घेतले नाही, रुग्ण कमी म्हणून त्याची गरजही नसेल. मग तपासणी तरी चोख हवी. औषधही नाही आणि तपासणीही नाही, अशी मोकळीक कोणत्याच धोरणात बसत नाही.

राहता राहिले ते नवे औषध. ते मुख्यतः नफा न घेता देऊ, असे कंपनीने म्हटले आहे, आणि ते आफ्रिकेला आधी मिळावे यात वाद नाही. तिथे हिवतापाच्या टापूत वर्षाला तीन कोटी बाळे जन्मतात. आपल्याला फार लागणारही नाही. गडचिरोलीचे जिल्हा आणि महिला रुग्णालय, भामरागड, एटापल्ली, अहेरी, धानोरा, कोरची इथली रुग्णालये, आणि मुंबई-पुण्यातली दोन-चार मोठी सरकारी बालरुग्णालये, इतक्या ठिकाणी थोडीथोडी पाकिटे ठेवली तरी पुरे. देशातून २०३० पर्यंत हिवताप हद्दपार करायचा आहे. त्या घोषणेच्या पत्रकांत पाच किलोंच्या आतला रुग्ण कुठेच दिसत नाही. उपचार-सूचना केंद्राने सुधारायच्या हे खरे, पण मागणी राज्याने करायला कोणी अडवलेले नाही. राज्याच्या हिवताप विभागाच्या सहसंचालकांचे कार्यालय मुंबईत नाही, दिल्लीत तर नाहीच. ते पुण्यात आहे. हडपसरहून तासाभराचा रस्ता, तोही मगरपट्ट्याच्या चौकात अडकलो तर.